क्लच माझा, गेर ह्यांचा

सकाळी साडेसहाला मी उठते, माझी बोटं उठत नाहीत. आधी उजव्या हाताचा अंगठा जागा होतो, मग दोन्ही करंगळ्या. मधली तीन बोटं मात्र तहसील कचेरीतल्या माणसांसारखी दहाच्या आत कामाला येत नाहीत. माझी शाळाही दहालाच भरते. पण शाळेला पोचायचं तर पावणेनऊला घर सोडावं लागतं, आणि गाडी मीच चालवते. सगळी भानगड त्या मधल्या सव्वा तासाची आहे.

आम्ही बसवकल्याणला राहतो. शाळा कोहिनूरच्या बाजूला एका खेड्यात आहे, सरकारी, मराठी माध्यमाची, आणि तिथली मी मोठी बाई. बस आहे, नाही असं नाही. एक सकाळी सातला जाते आणि एक अकराला. म्हणजे एक तर शाळेचं कुलूप बघत दोन तास बसायचं, नाहीतर पोरांची प्रार्थना, हजेरी आणि पहिली मारामारी उरकल्यावर पोचायचं. शिवाय बसची पहिली पायरी माझ्या गुडघ्याच्या वर येते. कंडक्टर खालून आधार देतो, पण देताना सगळ्या बसला ऐकू जाईल असं "सावकाश, अव्वा" म्हणतो, म्हणजे सावकाश, आई. तो माझ्यापेक्षा फार तर पाच वर्षांनी लहान असेल.

गाडी चालवायचं खरं कारण मात्र वेगळं आहे, आणि ते मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. घरात कुणीतरी सतत मला हाक मारत असतं. शाळेत शंभरेक पोरं दिवसभर "बाई, बाई" करत असतात. ह्या दोन्हींच्या मध्ये जाताना पाऊण तास आणि येताना पाऊण तास असा असतो, की मला कुणी काहीच म्हणत नाही. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी गाडी शिकले ती ह्या पाऊण तासासाठी. गाडीत रेडिओ होता, तो मी कधी लावला नाही. दोन्ही बाजूला तुरीची रानं, काळी माती, मध्ये रस्ता आणि मी गप्प. तो पाऊण तास माझ्या हातात राहतो का जातो, एवढीच ही गोष्ट आहे.

दुखणं आलं ते खडूपासून. फळ्यावर लिहिताना खडू सुटून पडायला लागला. पोरं धावत येऊन उचलून द्यायची, त्यांना मजा वाटायची. मग तांब्या सुटला, मग कुकरचं झाकण लागेना. जो भेटेल त्यानं एकेक औषध सांगितलं. निरगुडीचा पाला बांधा, मेथ्या भिजवून खा, आंबट सोडा, वांगं सोडा, हरभऱ्याची डाळ सोडा. सोडण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा आम्ही गुलबर्ग्याला गेलो. कागदावर आता कलबुर्गी झालंय, पण आमच्या तोंडात अजून गुलबर्गाच आहे.

तिथला सांध्यांचा डॉक्टर कन्नडात विचारायचा, मी मराठीत उत्तर द्यायची आणि तो इंग्रजीत लिहून घ्यायचा. रक्त तपासून तो म्हणाला, हे वयानं झिजलेले सांधे नव्हेत, हा आमवात आहे, तुमचं शरीर तुमच्याच सांध्यांशी भांडायला लागलंय. मी म्हणाले, शरीर माझंच आहे, भांडणारच. तो हसला नाही. आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी लिहून दिली आणि म्हणाला, बरं होणार नाही, पण ताब्यात राहील. माझ्या वर्गातल्या काही पोरांबद्दल मी आईबापांना हेच सांगत आले होते, त्यामुळं मला लगेच पटलं.

गाडीची सोय मी माझी मीच केली. चिमटीत जोर राहिला नव्हता, म्हणून चावीच्या भोकातून पेन्सिलएवढी लाकडी कांडी घालून दोऱ्यानं बांधली. तळहातानं कांडी ढकलली की चावी फिरते. स्टिअरिंग धरायला बारीक पडत होतं, त्यावर जुन्या लुगड्याच्या पट्ट्या गुंडाळून मुठीएवढं जाड केलं. सीटवर कापडदुकानातली गुळगुळीत पिशवी अंथरली. तिच्यावर टेकलं की दोन्ही पाय एकदम आत वळवता येतात, गुडघे वेगवेगळे भांडत नाहीत. मान वळेना, तेव्हा टेम्पोला असतो तसला भलामोठा आरसा आत बसवून घेतला. त्यात मागचा सगळा रस्ता दिसायचा आणि माझ्या हनुवटीवरचे दोन केसही. शाळेच्या आवारात गाडी फाटकाकडं तोंड करूनच लावायची, म्हणजे मागं घ्यायची पाळी येत नाही. अशी सगळी तजवीज करून मी दीड वर्ष काढलं. घरी विचारलं की म्हणायची, छान चाललंय.

मग गेर गेला. म्हणजे गाडीचा नव्हे, माझा. डाव्या हाताची मूठ वळेना आणि वळली तर उघडेना.

हे मला आधी देवघरात कळलं. आमच्यात रोज आंघोळीनंतर गळ्यातलं इष्टलिंग सोडून डाव्या तळहातावर घेतात. त्याला पाणी घालायचं, भस्म लावायचं, फूल ठेवायचं आणि त्याच्याकडं बघत थोडा वेळ बसायचं. त्याला तळहात सपाट लागतो. लहानपणापासून कुणाचंही लिंग खाली पडलेलं मी बघितलेलं नाही, आणि पडलं तर काय करायचं हे विचारायचीही कुणाची छाती नसते. आम्ही दोघं नवराबायको शेजारी शेजारी बसतो. त्या सकाळी माझा हात अर्धवटच उघडला, तळव्याला उतार आला आणि लिंग बोटांकडं सरकायला लागलं. तेवढ्यात ह्यांनी आपलं लिंग परत गळ्यात घातलं, आणि आपला तळहात माझ्या हाताखाली दिला आणि वर दाबला. माझा हात त्यांच्या हातावर सपाट झाला. दुखलं फार, पण पूजा पार पडली.

त्यावर आम्ही एक शब्द बोललो नाही. आमच्या लग्नात बोलण्याचं खातं ह्यांच्याकडं आहे. पण ज्या गोष्टीवर बोलायला पाहिजे ती नेमकी सोडून बाकी सगळ्यावर ते बोलतात. पाटबंधारे खात्यात कारकून होते, आता निवृत्त आहेत. तिथं वर्षानुवर्षं कुणी काही काम सांगितलं की हे आधी अर्धा तास हवापाण्यावर बोलायचे आणि मग सांगायचे, साहेब रजेवर आहेत.

त्याच दिवशी मी गाडी काढायला गेले आणि रिव्हर्स पडेना. दोनदा, तीनदा, दोन्ही हातांनी. अंगणातून ह्यांनी बघितलं. लुंगीवरच आले, दुसऱ्या बाजूनं दार उघडून बसले आणि म्हणाले, "कुठं घालायचाय?"

"डावीकडं, मग खाली. मी क्लच दाबते."

पडला. गाडी फाटकाबाहेर आली. मला वाटलं, आता उतरतील. म्हणाले, "आता पैला कुठं असतोय?" लुंगीवर शाळेपर्यंत आले. दुसऱ्या दिवशी पावणेनऊला पँट घालून, एका हातात छत्री आणि एका हातात पाण्याची बाटली घेऊन फाटकात उभे. "चल," म्हणाले. गाडीला हात न लावता ज्यानं आयुष्य काढलं तो माणूस साठीनंतर गेर टाकायला लागला.

आमची पद्धत अशी बसली. पाय माझे, स्टिअरिंग माझं, गेर ह्यांचा. मी क्लच दाबून म्हणायची, "दुसरा," आणि हे टाकायचे. हे कन्नड शाळेत शिकलेले, त्यामुळं मोजतात कन्नडात, भांडतात मराठीत आणि शिव्या दखनीत देतात. गेर टाकताना स्वतःशी "ओंदू, एरडू" चालायचं. पंधरा दिवसांत हात असा बसला की मी सांगायच्या आधी इंजिनाचा आवाज ऐकून हात तयार असायचा. एवढी हुशारी पाटबंधारे खात्यात दाखवली असती तर निदान वरचे क्लार्क तरी झाले असते.

आणि तोंड. फाटकातून गाडी निघाली की ह्यांचं तोंड निघायचं ते शाळेच्या फाटकाशीच थांबायचं. तुरीला यंदा शेंग कशी धरली. ह्या बांधावरची बाभळ कुणी तोडली असेल. हे घर कुणाचं, त्याची पोरगी कुठं दिली, जावई कसला निघाला. रस्त्यावरच्या पाट्या मोठ्यानं वाचायचे, आधी कन्नड, मग इंग्रजी, मग दोन्हींत काय चुकलंय ते. वाचायला पाटी नसली की म्हशी मोजायचे. वळण आलं की आवाज आणखी चढायचा. मी म्हणायची, "जरा गप बसता का?" म्हणायचे, "बसलो की." आणि पुढच्या वळणाला, "अगं, ती विहीर बघितलीस का?" विहीर नऊ वर्षं तिथंच होती.

शाळेतल्या बाया म्हणायच्या, "नशीब काढलंत बाई. असा नवरा दिवा घेऊन शोधला तर सापडायचा न्हाई." दिवा घेऊन शोधायची गरज नाही, एक फर्लांगावरून ऐकू येतो, असं माझ्या अगदी ओठावर यायचं. मी शाळेत असायची तेव्हा हे मारुतीच्या पारावर बसायचे. मी त्या गावात नऊ वर्षं शिकवलं आणि मला पोरांची नावं ठाऊक होती. ह्यांना तीन महिन्यांत पोरांच्या आज्यांची दुखणी पाठ झाली. गावानं ह्यांना कुठल्याशा वर्गणीच्या कमिटीत घेतलं. मला अजून घेतलेलं नाही.

मला राग यायचा, खरंच सांगते. उपकार मानायला पाहिजेत हे कळत होतं, आणि सोमवारी मी मानायचीही थोडे. ते बुधवारपर्यंत पुरायचे. माझा तो पाऊण तास गेला होता. त्याच्या जागी बाभळी, जावई आणि म्हशी आल्या होत्या. हात दुखतो हे मला सोसत होतं. पण ज्यासाठी दुखणारे हात घेऊन मी स्टिअरिंगवर बसत होते तेच उरलं नाही, आणि हे कुणाला सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं तर लोकांनी माझ्याच तोंडात शेण घातलं असतं. मी रात्रंदिवस एकच धरून बसले होते, की गोळीनं थोडा गुण येऊ दे, मूठ वळू दे, म्हणजे ह्यांना घरी ठेवून मला एकटीला जाता येईल.

मग तो चढ आला. गावाच्या अलीकडं एक नाला आहे, नाल्यावर पूल आणि पुलाला लागून चढ. तिथं मी नेहमी दुसऱ्यावरून पहिल्यावर यायची. त्या दिवशी आम्ही चढाच्या मध्यावर होतो. मी क्लच दाबला आणि "पैला" म्हणाले. ह्यांनी दुसरा काढला. नेमकी तेवढ्यात समोरून मठाच्या स्वामींची पांढरी जीप आली.

स्वामी दिसले की आमच्याकडं एका हातानं नमस्कार करत नाहीत. दोन्ही हात जोडायचे, मान वाकवायची आणि "शरणु शरणार्थी" म्हणायचं. हे जन्मापासून अंगात मुरलेलं असतं, त्यात विचार करायला जागा नसते. ह्यांनी गेर सोडला, दोन्ही हात जोडले आणि मान वाकवली. गेर ना पहिल्यात होता ना दुसऱ्यात. मी क्लच सोडून ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन ओरडलं आणि गाडी शांतपणे मागं निघाली.

ब्रेककडं पाय नेला, पण सकाळच्या वेळी माझा घोटा सांगितल्यापासून थोड्या वेळानं ऐकतो. मोठ्या आरशात मागं बैल सोडून उभी केलेली कडब्याची बैलगाडी जवळ जवळ येताना दिसत होती. आरसा फार चांगला होता, सगळं स्वच्छ दिसलं. कडब्यात गाडी मऊपणे घुसली, मागची काच फुटली आणि मागच्या सीटवर कडबा आला. बैल बाजूला उभे होते. त्यांनी आमच्याकडं बघितलं आणि आमच्या गाडीतला कडबा खायला लागले.

स्वामी जीप थांबवून खाली उतरले. आम्ही बाहेर आलो. ह्यांचे हात अजून जोडलेलेच होते. कुणाला लागलं नाही ना, हे बघून झाल्यावर स्वामींनी विचारलं, "गाडी कोण चालवायलंय?"

मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "दोघं मिळून, अप्पाजी."

स्वामींनी माझ्या हातांकडं बघितलं, ह्यांच्या हातांकडं बघितलं. मग म्हणाले, "गाडीत असताना मनातल्या मनात शरणु केला तरी आमच्यापर्यंत पोचतोय." आणि ड्रायव्हरला आमची गाडी ढकलायला लावून निघून गेले.

आम्ही शाळेत पोचायच्या आत ही बातमी गावात पोचली होती. दुपारच्या सुट्टीत पुण्याहून मुलाचा फोन आला. तो तिथं कंपनीत आहे. त्याला कुणी कळवलं हे मला आजवर कळलेलं नाही, पण मारुतीच्या पारावर आता सगळ्यांकडं फोन आहेत.

"अव्वा, गाडी बंद," तो म्हणाला. "ड्रायव्हर ठेव, न्हाईतर नोकरी सोड. तीन वर्षं राहिलीत, काय फरक पडतोय?"

"फरक पडतोय," मी म्हणाले.

"काय पडतोय?"

गप्प बसायला मिळावं म्हणून नोकरी सोडत नाही, हे पोटच्या पोराला कसं सांगायचं? ड्रायव्हर ठेवला असता तर तोही बोलणारच. त्यातून माझ्या लायसनची मुदत त्याच महिन्यात संपत होती. नवं करून घ्यायचं तर डॉक्टरचं लिहून आणावं लागणार होतं, की ही बाई गाडी चालवायला ठीक आहे. मला भीती वाटली. दुखण्याची आतापर्यंत कधी वाटली नव्हती तेवढी त्या कागदाची वाटली.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते मी गुलबर्ग्याला जाऊन अक्षरशः केलं. बसनं गेलो. डॉक्टरनं आपली दोन बोटं पुढं केली आणि म्हणाला, आवळा. उजव्या हातानं आवळली. डाव्या हातानं आवळायला गेले तर नुसतीच धरल्यासारखी झाली. मग घोटे बघितले, गुडघे बघितले, भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. ती मात्र मी शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचली, खालच्या छापखान्याच्या नावासकट. मग त्यानं खुर्चीला टेकून विचारलं, "गेर कसा टाकता?"

"टाकते," मी म्हणाले.

"मी टाकतो," हे म्हणाले.

डॉक्टरनं पेन खाली ठेवला. मी ह्यांच्याकडं असं बघितलं, की वर्गात तसं बघितलं तर पोरं पाटीमागं तोंड लपवतात. ह्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं. झालं, मी मनात म्हणाले, उद्यापासून सातची बस, आणि खालून "सावकाश, अव्वा."

डॉक्टर म्हणाला, "नजर चांगली आहे. डोकं चांगलं आहे. पाय चालतील. डावा हात गेरला लावायचा नाही, आणि दुसऱ्याचाही लावायचा नाही. क्लच-गेर नसलेल्या गाड्या मिळतात. तसली घेणार असाल तर सही करतो. सकाळी दहा मिनिटं हात कोमट पाण्यात ठेवायचे, मग निघायचं. आणि ज्या दिवशी भरलेला तांब्या एका हातानं उचलत नाही, त्या दिवशी गाडी नाही. रजा टाकायची. कबूल?"

मी कबूल म्हणाले. त्यानं विचारलं असतं तर वांगंही पुन्हा सोडलं असतं. त्यानं सही केली.

येताना बसमध्ये हे अगदी गप्प होते. पाट्या आल्या, गेल्या, वाचल्या नाहीत. मला वाटलं, गेरची नोकरी गेल्याचं दुःख असेल. थोडं वाईट वाटलं, पण खोटं कशाला बोलू, आतून मी नुसती फुलून गेले होते. एकटीनं जायचं, एकटीनं यायचं, आणि बाभळ कुणी तोडली ते कुणी विचारायचं नाही.

मुलानं पुण्यात शोधून तसली जुनी गाडी आणवली. आधी नको म्हणाला, मग डॉक्टरचा कागद बघितल्यावर कुरकुरत का होईना, कामाला लागला. गाडी चांगली निघाली. स्टिअरिंग हलकं, डाव्या पायाला काही कामच नाही. आठवडाभर मी गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर फिरवून घेतली. तेव्हा हे आणि मुलगा दोघंही बरोबर असायचे आणि दोघंही बोलायचे.

मग सोमवार आला. हात कोमट पाण्यातून काढले, तांब्या एका हातानं उचलला. फाटकात हे उभे, छत्री आणि बाटलीसकट.

"येऊ का?"

"नको."

"गेरला हात लावत न्हाई. नुसता बसतो."

"नको म्हणलं ना."

ह्यांनी बाटली माझ्या शेजारच्या सीटवर ठेवली. तिचं झाकण आधीच सैल केलेलं होतं. मी निघाले.

गाव मागं पडलं. हायवे लागला, सुटला. दोन्ही बाजूला तुरी पिवळ्या फुलावर आलेल्या. कुणी काही बोलत नव्हतं. मी एक मोठा श्वास घेतला आणि म्हटलं, आलं एकदाचं परत. पहिलं वळण आलं, मी स्टिअरिंग फिरवलं आणि गाडीत कुठंतरी आवाज झाला. बारीक, लांबट, दार कुरकुरावं तसा. म्हटलं, जुनी गाडी, काहीतरी ढिलं असणार. दुसऱ्या वळणाला पुन्हा झाला, जरा मोठा. स्पीडब्रेकरवर झाला. म्हैस आडवी आली म्हणून ब्रेक दाबला तेव्हाही झाला. मला राग आला. पोराला फसवलं कुणीतरी, मी म्हणाले, त्या विकणाऱ्याच्या सात पिढ्यांचा मनात उद्धार केला आणि गाडी लिंबाखाली बाजूला घेतली. घेतानाही झाला.

इंजिन बंद केलं. नेमकं कुठं वाजतंय बघावं म्हणून थांबलेल्या गाडीतच स्टिअरिंग धरून सावकाश फिरवलं. तेव्हा कळलं. तो आवाज माझ्या गळ्यातून येत होता.

मी पुन्हा करून बघितलं. तोंड घट्ट मिटून फिरवलं, तर नाकातून आला. मी कण्हत होते. प्रत्येक वळणाला, प्रत्येक धक्क्याला मी कण्हत होते, आणि कधीपासून ते मला ठाऊक नव्हतं. छान चाललंय म्हणून मी सगळ्या जगाला सांगत फिरत होते. मला रडू आलं. डोळे पुसायला हात वर नेला, तर पुन्हा तोच आवाज.

शाळेत पोचले, दिवस काढला, परत आले. हे बाहेरच्या पायरीवर लसूण सोलत बसले होते.

"कशी झाली गाडी?"

"वाजायलीय," मी म्हणाले. "वळणावर."

ह्यांनी वर बघितलं नाही. एक पाकळी सोलली, ताटलीत टाकली.

मी म्हणाले, "मी कण्हते व्हय?"

"व्हय."

"कधीपासून?"

"लई दिस झाले. घरात बी कण्हतीस, पण गाडीत लई."

"मग सांगितलं न्हाई कामून?"

"सांगितलो असतो तर तू गाडी सोडली असतीस." ह्यांनी पुढची पाकळी घेतली. "आणि मला ते ऐकवत न्हवतं. म्हणून आपलं काहीबाही बोलत बसायचो."

मी शेजारी बसले. लसूण सोलणं मला जमत नाही, म्हणून नुसती टरफलं गोळा करायला लागले. ह्यांनी विचारलं, "आता सोडतीस का?"

"न्हाई."

"बरं," म्हणाले, आणि त्यानंतर संध्याकाळभर तुरीच्या भावावर बोलले.

दुसऱ्या दिवशी पावणेनऊला मी एकटीच निघाले. गाव संपल्यावर काचा वर केल्या. पहिल्या वळणाला आवाज आला, तो मी दाबला नाही. तिथून शाळेपर्यंत प्रत्येक वळणाला पोटातून, मोठ्यानं, हवं तसं कण्हत गेले. ऐकायला कुणी नव्हतं. त्या पाऊण तासात मला इतकं बरं याआधी कधी वाटलं नव्हतं.